रिग उठल्यावर मागं रान राहिलं पाहिजे

आमच्या खानापूर तालुक्यातली पोरं घर सोडतात ती गलाईच्या धंद्यासाठी. सोनं-चांदी गाळायला कुठं केरळात, कुठं बंगालात. रिगवर, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडायच्या यंत्रावर, गेलेला आमच्या घराण्यातला पहिला मी, आणि आता दुसरा माझा भाचा. तो वणीच्या बाजूला कोळशाच्या शोधाच्या बोअरिंगवर सुपरवायझर म्हणून लागला. आठ दिवसांनी फोन आला, "मामा, इथं सगळे म्हणतात साइट रिस्टोर करून द्यायची. म्हणजे नक्की करायचं काय?"

फोनवर तासभर बोललो. मग वाटलं, लिहूनच काढावं. रिगवर जाणारी पोरं आता इकडूनही बरीच आहेत.

आधी एक खुलासा, कारण गावात प्रत्येकजण विचारतो, "आपल्या सांगलीत कोळसा निघाला की काय?" नाही. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात कोळसा नसतो. महाराष्ट्रातला कोळसा विदर्भात, त्याच्याही कितीतरी आधीच्या गोंडवाना खडकांत आहे. चंद्रपूर, यवतमाळातली वणी, नागपूरकडचं उमरेड आणि कामठी. खाण सुरू व्हायच्या आधी वर्षानुवर्षं तिथं भोकं मारून थर किती जाड, किती खोल, कसल्या प्रतीचा ते बघतात. खाणीच्या मानानं हे काम बारकं. एका भोकाला चारेक गुंठे रान लागतं आणि महिना-दीड महिन्यात रिग हलते. पण ते चार गुंठे कुणाच्या तरी पऱ्हाटीच्या मधोमध असतात.

रिग उतरवायच्या आधी

शेतकऱ्याला घेऊन वावरात फिरायचं. तिकडं रानाला वावर म्हणतात आणि बांधाला धुरा; हे दोन शब्द पहिल्या दिवशी शिकून घ्यायचे, निम्मं काम सोपं होतं. त्याला विचारायचं: पाणी कुठून वाहतं, पाइपलाइन कुठून गेलीय, विहीर कुठं, ट्रॅक्टर कुठून आत येतो. मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढायचे, त्यात झाड किंवा खांब अशी एक न हलणारी खूण आली पाहिजे. नंतर "इथं आधीच खड्डा होता" आणि "नव्हता" हा वाद या फोटोंवर मिटतो.

भूगर्भवाल्यानं नकाशावर टाकलेला ठिपका झाडावर, ओढ्यात किंवा विहिरीच्या तोंडाशी येत असेल तर बोलायचं. अशा दोन भोकांमध्ये शेकडो मीटर अंतर असतं, त्यामुळं दहा मीटर सरकवायला कुणी सहसा नाही म्हणत नाही. फक्त नवी जागा मोजून नोंदवायची. मी पाच-सहा मोहाची झाडं अशी वाचवली असतील. त्यासाठी एक फोन पुरला होता, आणि आधी का नाही करायचो कुणास ठाऊक.

काळ्या जमिनीत ओल असताना रिगचा ट्रक घालायचा नाही. अडकतो ते वेगळंच, पण चाकोऱ्यांखाली माती अशी दाबते की पुढं दोन पिकं मुळं खाली जात नाहीत. कापसाची शेवटची वेचणी झाली की मृगापर्यंतचा काळ चांगला. आत जायची आणि बाहेर यायची वाट एकच ठेवायची, टँकरवाल्यालासुद्धा. टँकरवाले ऐकत नाहीत. दोन बाजूंनी दोरी बांधली की ऐकतात.

वरची माती

सगळ्यात जास्त इथं लिहिणार आहे, कारण माझी चूक इथलीच.

हेल्पर होतो तेव्हाची गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यातलं एक वावर. आम्ही खड्डे खणले, जे निघालं ते एका ढिगात टाकलं. भोक झालं, ढीग परत लोटला, वरून ट्रॅक्टरचं फळं फिरवलं. दिसायला झकास. पुढच्या पावसाळ्यानंतर शेजारच्या भोकासाठी त्याच शिवारात गेलो. कापूस कमरेला लागत होता, आणि बरोबर मधे दोन बाजांएवढा चट्टा उघडा. त्यात तीन-चार झाडं, वीतभर, पिवळी. शेतकऱ्यानं अंगठ्यानं वरचा पापुद्रा उचकटला, तो पापडासारखा उठला. खाली पाणी साचून वाळलेलं. तो ओरडला नाही. म्हणाला, "तुमचं भोक तं गेलं भाऊ, चट्टा राह्यला न माह्या वावरात." खोरं माझ्याच हातात होतं आदल्या वर्षी. कंपनीनं एका हंगामाची भरपाई दिली होती, चट्टा दुसऱ्या हंगामातही होता.

झालं होतं असं की खालचा पिवळा थर आणि बोअरिंगचा चिखल वर आला आणि पिकाची माती खाली गाडली गेली.

म्हणून पहिली कुदळ मारायच्या आधी पहारीनं एक हातभर खोल भोक पाडून बघायचं, मातीचा रंग कुठं बदलतो. तिथपर्यंतची माती ती पिकाची. कुठं एक वीत असते, कुठं दीड-दोन. जिथं खड्डे होणार, जिथं रिग उभी राहणार, जिथं डिझेलचे ड्रम ठेवणार, तेवढ्याच जागेची ही माती आधी खरवडून काढायची. सगळ्या चार गुंठ्यांची काढू नये. जिथं फक्त माणसं चालणार तिथली आहे तिथं बरी.

तिचा ढीग चढाच्या बाजूला, म्हणजे साइटचं पाणी आणि तेल त्यात उतरणार नाही. छातीच्या वर उंच करायचा नाही, दाबायचा नाही, त्यावर सामान ठेवायचं नाही. त्यातले किडे, मुळं, बी सगळं जिवंत असतं, ते गुदमरतं. भोवती वीतभर चर. खालचा मुरूम किंवा पिवळी माती निघेल तिचा ढीग वेगळा, दुसऱ्या बाजूला. दोन ढिगांमधे निदान माणूस चालेल इतकी जागा, नाहीतर जेसीबीवाला एका फावड्यात दोन्ही मिसळतो. काम लांबणार असेल तर मातीच्या ढिगावर ताग फेकायचा. आठवड्यात हिरवा होतो आणि मग कुणी त्यावर पाय देत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

चिखलाचे खड्डे

भोक पाडताना रॉडमधून पाणी आत जातं आणि दगडाचा चुरा घेऊन वर येतं. त्यात बेंटोनाइट कालवतात, म्हणजे भोकाच्या कडा ढासळत नाहीत. वर आलेलं पाणी पहिल्या खड्ड्यात निवतं, तिथून पन्हळीनं दुसऱ्यात, तिथून पंप परत ओढतो. दोन मीटर लांब, दीड रुंद, एक खोल असा एक खड्डा तीन हजार लिटर धरतो. अडीचशे मीटरच्या साध्या भोकात अकराशे-बाराशे लिटर मावतं, त्यामुळं असे दोन पुष्कळ झाले. मोठे खणू नका. मोठा खड्डा म्हणजे उद्याचा मोठा चट्टा.

बेंटोनाइट विषारी नाही. चिकणमातीच ती. काळ्या मातीत फुगणारा जो अंश असतो त्याच कुळातली, म्हणून शेतकरीही म्हणतो, "हे काय, मातीच तर आहे." पण फुगण्यासाठी वापरतात ती सोडियमवाली जात. आणि सोडियम मातीत शिरल्यावर काय होतं हे सांगलीच्या माणसाला शिकवायला नको. वाळव्यात, मिरजेत कृष्णाकाठची चोपण जमीन बघा. वर पाणी साचतं, खाली मुरत नाही, वाळली की फुटक्या खापरासारखी. त्या वावरातला पापुद्रा बघून मला थेट कृष्णाकाठ आठवला होता. म्हणून खड्ड्याला आतून जाड ताडपत्री, काठाच्या बाहेर हातभर येईल अशी. फाटकी असेल तर दुहेरी. कडेला मातीचा बांध, म्हणजे पावसानं खड्डा भरून वाहणार नाही. विहीर, ओढा, नाला यांच्यापासून जितकं लांब जमेल तितकं.

भोवती कुंपण हवंच. चार बांबू आणि काटेरी तार. वासरू पाणी समजून उतरतं आणि गाळात रुततं. आम्ही एकदा रात्री दोनला दोर लावून एक काढलंय, चौघे लागलो.

कोळशाच्या आजूबाजूला काळा शेल, म्हणजे पापुद्र्यापापुद्र्याचा दगड, लागतो, त्यात कधीकधी सोनेरी कण चमकतात. आमच्या गलाईवाल्यांना दाखवलं तर हसतील. तो पायराइट, लोखंड आणि गंधकाचा. हवा-पाणी लागलं की आम्ल सुटतं. असला चुरा पोत्यात वेगळा धरायचा आणि कंपनी सांगेल तिथं न्यायचा, वावरात पसरायचा नाही.

तेल, डिझेल, खरकटं

इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे. ड्रम ट्रेमधे. भुश्श्याची दोन पोती कायम हाताशी. सांडलं की लगेच भुस्सा टाकायचा, तेलकट माती खरवडायची, पोत्यात भरायची आणि बाहेर न्यायची. मडपिटात, म्हणजे त्याच चिखलाच्या खड्ड्यात, वापरलेलं ऑइल ओतणारे ड्रिलर मी पाहिलेत. त्यांना साइटवर ठेवायचं नाही, कितीही हात चांगला असला तरी. ताडोबाच्या आसपास काम असेल तर खरकटं उघड्यावर टाकू नका, रात्री दिवे जमिनीकडं झुकवून लावा, आणि वाघ बघायला म्हणून कुणी साइट सोडून जाऊ नये. जंगलाची जमीन असेल तर वनखात्याच्या परवानगीत ज्या अटी लिहिल्यात त्या कागदाची प्रत टपरीत नाही, साइटवर पाहिजे.

भोक बंद करणं

पोरं इथं घाई करतात. कोअरच्या, म्हणजे भोकातून काढलेल्या दगडाच्या कांड्यांच्या, पेट्या गेल्या, मोजमाप झालं, पुढची साइट वाट बघतेय, मग भोकात दगड-माती ढकलून वर फरशी.

का बंद करायचं ते समजलं तर कोण टाळाटाळ करणार नाही. वर कामठीचा वालुकाश्म असतो, सच्छिद्र, पाण्यानं भरलेला. गावाच्या विहिरी त्याच्यावर. खाली बराकर नावाच्या खडकाचे थर आणि कोळसा. तुमचं भोक म्हणजे या दोघांमधली उघडी नळी. वरचं पाणी खाली जाऊ शकतं, खालचं वर येऊ शकतं. आणि उद्या तिथं भूमिगत खाण झाली तर जुन्या उघड्या भोकातून पाणी थेट खाणीत कामगारांच्या डोक्यावर. तेव्हा हे फक्त शेतकऱ्यासाठी नाही.

बंद करायचं ते सिमेंटच्या राबेनं, त्याचा हिशोब असा. एनक्यू आणि एचक्यू ही भोकाच्या रुंदीची मापं. एनक्यू मापाचं भोक ७५.७ मिलिमीटरचं, मीटरला साडेचार लिटर. एचक्यू ९६ मिलिमीटरचं, मीटरला सव्वासात लिटर. सिमेंटचं ५० किलोचं एक पोतं २५ लिटर पाण्यात कालवलं की साधारण ४१ लिटर राब होते. म्हणजे १०० मीटर एनक्यूला अकरा पोती, एचक्यूला अठरा. कागदावरचं हे. प्रत्यक्षात वालुकाश्म आतून कोरला जातो, भोक मापापेक्षा मोठं होतं, म्हणून शेकडा दहा-वीस जास्त धरायची. अडीचशे मीटर एनक्यूला मी तेहतीस पोती मागवायचो. स्टोअरवाला कुरकुरायचा. काही ठिकाणी फक्त कोळशाचे थर आणि पाण्याचे थर सिमेंटनं बंद करून बाकी भाग चिकणमातीनं भरायची सूचना असते. सूचना असेल ती पाळायचीच, पण माझं मत विचारलं तर खालपासून वरपर्यंत सिमेंट.

वरून ओतायचं नाही. वरून ओतलेली राब पाण्यात विस्कटते, मधेच अडकते आणि खाली पोकळी राहते. रॉड तळापर्यंत सोडायचे, रॉडमधून पंपानं राब खाली द्यायची, ती तळातून वर चढते. जसजशी चढेल तसतसे रॉड काढायचे, पण रॉडचं तोंड कायम राबेत बुडालेलं पाहिजे. किती पोती गेली आणि किती रॉड निघाले हे वहीत लिहीत राहायचं, त्यावरून राब कुठवर आली ते कळतं. आकडा जुळला नाही, समजा पोती संपली आणि राब अजून वर दिसत नाही, तर कुठंतरी भेग पीतेय. तेव्हा थांबायचं, बसू द्यायचं, दुसऱ्या दिवशी वरून परत भरायचं.

राब वर चढते तेव्हा भोकातला सगळा चिखल बाहेर येतो. म्हणजे मडपिट तोपर्यंत रिकामा आणि उघडा हवा. मी एकदा उत्साहानं खड्डे आधीच बुजवून टाकले होते आणि मग हजारभर लिटर सिमेंटाळलेला चिखल धुऱ्यावरून पलीकडच्या तुरीत गेला. शेजाऱ्याची तूर. त्याच्याशी आमचा करारही नव्हता.

दुसऱ्या दिवशी राब हात-दोन हात खाली बसलेली दिसते. ती पुन्हा भरायची. केसिंग, म्हणजे भोकाच्या तोंडाशी आत बसवलेला पाइप, निघत असेल तर काढायचं, नसेल तर जमिनीखाली निदान मीटरभर कापायचं, नांगर लागला नाही पाहिजे. वरचा तो मीटर सिमेंटनं नाही, मातीनं. भोकाचा नंबर लिहिलेला ठोकळा वावराच्या मधे उभा करण्यापेक्षा जागा जीपीएसनं नोंदवून ठोकळा धुऱ्यावर बसवू द्या का, हे भूगर्भवाल्याला विचारा. बहुतेकदा ऐकतात.

भोकात मोजणीचं यंत्र सोडतात त्याबद्दल एवढंच: घनता मोजणाऱ्या यंत्रात किरणोत्सारी स्रोत असतो. भोक ढासळतंय अशी शंका असेल तर सोडू देऊ नका. अडकलं तर रिगनं जोर लावायचा नाही आणि भोकाला हात लावायचा नाही, जबाबदार माणसाला बोलवायचं. हा विषय अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांचा आहे, आपल्या हिकमतीचा नाही.

माती परत

मडपिटातलं पाणी निवू द्यायचं. वरचं पुढच्या साइटला टँकरनं न्यायचं. खालचा गाळ उन्हात भेगाळला की ताडपत्रीसकट उचलायचा आणि कंपनीनं ठरवलेल्या जागी टाकायचा. ताडपत्री आत गाडून वर माती टाकणारे आहेत. दोन वर्षांनी नांगराच्या फाळाला निळ्या चिंध्या लागतात आणि शेतकरी तुमचं नाव घेतो.

मग जसं निघालं त्याच्या उलट. आधी मुरूम, वीतभराच्या थरानं, प्रत्येक थर धुमसानं ठोकून. एकदम लोटलं तर पहिल्या पावसात खचतं. मुरूम संपला की चाकोऱ्यांवर आणि रिगच्या जागेवर खोल नांगरट, उभी आणि आडवी, कोरड्या मातीत. त्यानंतर वरची माती, आणि तिला ठोकायचं नाही. खड्ड्यावर चार-सहा बोटं उंचवटा ठेवायचा, पावसानं बसून सपाट होतो. उतार मूळचा होता तसा, धुरा फोडला असेल तर परत बांधायचा.

कुठं चिखल मिसळलाच असेल तर तिथं जिप्सम आणि शेणखत. चोपण सुधारायला आपल्याकडं जे करतात तेच, जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हाकलतं, पाऊस त्याला खाली नेतो. पहिल्या पावसावर ताग किंवा धैंचा पेरून फुलावर यायच्या आत गाडायचा. गायरान असेल तर तिथलंच गवत, पवन्या, मारवेल. सुबाभूळ लावून हिरवं दाखवायची खोड काही ठिकाणी आहे. फोटो चांगला येतो, गुरांना तिथलं गवत परत मिळत नाही.

आणि एका पावसाळ्यानंतर परत जाऊन बघायचं. कंपनी पाठवत नसेल तर जाता-येता. मी शेवटची दहा वर्षं जायचो. खचलेलं असलं तर चार पाट्या माती टाकायचो, चहा प्यायचो.

शेतकऱ्याच्या बाजूनं

भाच्याला सांगितलं, कायदा त्यालाही सांग, लपवू नको. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्रांच्या कायद्याखाली शोधाची अधिसूचना निघाली असेल, तर कलम ४ नुसार आत जाऊन भोक मारता येतं, पण कलम ६ नुसार होणाऱ्या नुकसानीची रक्कम आत शिरायच्या आधी किंवा शिरताना द्यायची असते. घर किंवा घराला लागून असलेली बंदिस्त बाग असेल तर राहणाऱ्याची संमती नसेल तेव्हा सात दिवसांची लेखी सूचना लागते. पीक किती, झाडं किती, पाइप किती, त्याचा पंचनामा दोघांच्या सह्यांनी. एक प्रत त्याच्याकडं.

आणि आपल्याकडं

कोळसा नसला तरी भोकं आपल्याकडं कमी नाहीत. जत, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, उन्हाळा आला की तमिळनाडूच्या गाड्या रात्रभर घरघरतात. साडेसहा इंची भोक, पाणी नाही लागलं की तोंडावर दगड ठेवून विसरायचं. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय की सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, गोटे, चुरा यांनी भरायची, आणि काम झाल्यावर चिखलाचे खड्डे-चर बुजवायचे. चालू बोअरच्या केसिंगभोवती सिमेंटचा ओटा आणि तोंडावर लोखंडी झाकण. मूल पडल्याची बातमी आली की चार दिवस सगळ्यांना आठवतं.

माझ्या डाळिंबाच्या रानात अशी एक कोरडी होती, भावानं मारलेली, शंभर मीटर. मी परत आल्यावर भरली. साडेसहा इंचाला मीटरला एकवीस लिटरच्या वर लागतं, म्हणजे दोन हजार लिटरपेक्षा जास्त माल. गोटे आणि बारीक खडी दोन ट्रॉल्या आणल्या, पाटीपाटीनं टाकली म्हणजे मधे अडकत नाही, वरचे पाच मीटर सिमेंट, वर मीटरभर काळी. भाऊ म्हणाला, एवढा खर्च भोक मारायला नव्हता आला. खोटं बोलत होता.

काल भाच्यानं फोटो पाठवला. वरची माती वेगळी काढलीय, ढीग छातीच्या खाली, भोवती चर. मला बरं वाटलं. मग फोटो मोठा करून बघितला. डिझेलचे दोन ड्रम ढिगाच्या वरच्या बाजूला, चढावर, ट्रेशिवाय. फोन लावला. म्हटलं, आधी ड्रम हलव, मग बोलू.